उघड्या बॅटरीवरचं पाणी

लिथियमची मोठी बॅटरी कशी उघडायची, आधी काय सोडवायचं आणि शेवटी काय, हे मला ज्या माणसानं शिकवलं, त्याचं काम माझ्या सहीच्या कागदामुळे गेलं. या वाक्यात मी आधी "काही अंशी" असे शब्द घातले होते. नंतर ते खोडले.

मी तेव्हा इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पप्पा भोसरीत एका प्रेसशॉपमध्ये कंत्राटी कामगार आहेत, आई सांगवीतल्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाची कामं करते. तिसऱ्या वर्षी सहा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची असते. वर्गातल्या बहुतेकांचा कुणीतरी मामा, कुणीतरी शेजारी कुठल्यातरी कंपनीत होता. माझ्याकडे बायोडेटाच्या झेरॉक्स होत्या. त्या घेऊन मी मोशीपासून चाकणपर्यंत गेटागेटावर फिरले. वॉचमन कागद घ्यायचे आणि खुर्चीखाली ठेवायचे. कुरुळीच्या आतल्या रस्त्यावर एका शेडचे मालक स्वतःच दारात उभे होते, म्हणून माझं काम झालं.

त्या शेडमध्ये इलेक्ट्रिक टेम्पोंच्या थकलेल्या बॅटऱ्या यायच्या. एकेक बॅटरी गादीएवढी लांबरुंद आणि चौघांनी मिळून सरकवावी इतकी जड. ती उघडायची, आतले मॉड्यूल म्हणजे सेलचे डबे वेगळे करायचे, तपासायचे, चांगले निघतील ते दुसऱ्या कामाला वापरायचे. काम चांगलं चाललं होतं. एका मोठ्या वाहन कंपनीची मान्यता मिळाली तर शेडला वर्षभराचं काम मिळणार होतं, आणि मान्यतेसाठी दोन गोष्टी हव्या होत्या: कामाची लेखी पद्धत आणि अपघातांचं रजिस्टर, झालाच तर कारण आणि उपायासकट.

बॅटऱ्या उघडायचं काम चाचा करायचे. सगळे त्यांना चाचाच म्हणत. चाकणचेच, पन्नाशी ओलांडलेले, सातवी पास. त्यांची अर्धी हयात फोर्कलिफ्टच्या जुन्या, ॲसिडच्या बॅटऱ्यांमध्ये गेली होती. त्या बॅटऱ्यांत दर आठवड्याला पाणी ओतावं लागायचं. लिथियम आल्यावर ते सगळं नव्यानं शिकले, कुणीही न शिकवता. त्यांच्याकडे सर्टिफिकेट म्हणून काहीच नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला टेबलापासून चार पावलांवर थांबवलं.

"कानातलं काढ. हातातलं कडं काढ. घड्याळ. ती ओढणी पण."

"ओढणी कॉटनची आहे चाचा."

"कॉटनची असू दे न्हाईतर रेशमाची. वाकलीस का आधी ती जाती बॅटरीत, मग तिच्या मागं तू."

तिथे काम करणारे लातूरकडचे एक भाऊ होते, मिशीवाले, दोन मुलांचे बाप. ते हसून म्हणाले, "ताई, मला तर लग्नातली अंगठी काढायला लावली. बायको म्हणली, कोणापायी काढली? मी म्हणलं, हाय एक, तीनशे व्होल्टची."

मीही हसले, आणि कडं काढून डब्यात ठेवलं.

पुढचे दोन महिने मी चाचांच्या शेजारी उभी राहून वहीत लिहीत होते. बॅटरी आली की तिला आधी हात नाही, डोळे लावायचे. कुठे फुगलीय का, वास येतोय का, एखादी बाजू गरम आहे का. मग मधला सर्व्हिस प्लग ओढून काढायचा. त्यानं बॅटरीची साखळी मधोमध तुटते. तो प्लग चाचा स्वतःच्या पँटच्या खिशात ठेवायचे, टेबलावर कधीच नाही. "टेबलावर ठिवला का कुणीतरी शहाणा जाग्यावर बसवतोय." मग थांबायचं, चांगली दहा मिनिटं. मग मीटर. मीटर आधी एका चालू बॅटरीवर लावून तो खरं बोलतोय का बघायचं, मग इथे लावायचा, मग परत त्या चालू बॅटरीवर. मीटर मधेच मेला असेल तर तो शून्य दाखवतो, आणि माणूस त्या शून्यावर विश्वास ठेवतो. पान्ह्याला तोंड सोडून सगळीकडे टेप. डावा हात पाठीमागे.

आणि इतकं सगळं करूनही बॅटरी बंद होत नाही. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. प्लग काढला तरी प्रत्येक मॉड्यूलमधले सेल भरलेलेच असतात. त्यांना बटण नसतं.

या सेलवर लक्ष ठेवायला बीएमएस नावाचं एक सर्किट असतं. प्रत्येक सेलपासून एक बारीक तार त्याच्याकडे जाते आणि सगळ्या तारा एका छोट्या कनेक्टरमध्ये एकत्र येतात. बॅटरी सोडवताना हा बारीक तारांचा कनेक्टर आधी काढायचा, मगच मॉड्यूल जोडणाऱ्या जाड तांब्याच्या पट्ट्यांचे बोल्ट ढिले करायचे. उलटं करायचं नाही. मी का विचारलं तर चाचा म्हणाले, "तळेगाव चौक बंद केला का ट्रक कुठं घुसत्यात?"

"गल्लीत."

"मग. पट्टी सोडली का सगळी गर्दी त्या बारीक तारांत घुसती. गल्ली जळती."

मी हे वहीत जसंच्या तसं लिहिलं. कॉलेजच्या सरांनी हेच पाऊण तास समजावलं होतं आणि मला ते कळलं नव्हतं.

मालकांनी, म्हणजे आम्ही ज्यांना सर म्हणायचो त्यांनी, माझी वही बघितली आणि म्हणाले, "यातूनच पद्धत तयार कर. मराठीत एक, इंग्रजीत एक. ऑडिटला भिंतीवर लागली पाहिजे." माझ्या आयुष्यात माझं लिहिलेलं भिंतीवर लागायची ती पहिलीच वेळ. मी आठवडाभर ते लिहीत होते.

सहावी पायरी बीएमएसचा कनेक्टर काढण्याची. तिथे मी लिहिलं, 'जाड इन्सुलेटेड हातमोजे सर्व पायऱ्यांमध्ये घातलेले असावेत.' चाचांना वाचून दाखवलं. त्यांनी स्वतःचे ग्लोव्हज काढून माझ्या पुढ्यात टाकले.

"घाल. आन त्यो कनेक्टर काढून दाव."

कनेक्टरची खिट्टी हरभऱ्याएवढी असते. ती दाबायची आणि त्याच वेळी ओढायचं. रबराचे जाड मोजे, त्यांच्यावर चामड्याचे. माझी बोटं नुसती घसरत राहिली.

"जमतंय?"

"नाही."

"मग लिवलंस कशाला? तेवढ्या एका पायरीला मी उजवा मोजा काढतो. डावा हात मागं. बाकी समदं झाकून घेतो. पातळ रबरी मोजे येत्यात त्यासाठी, शेठला तीनदा सांगितलं, आणू म्हणत्यात."

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "ऑडिटच्या फॉर्ममध्ये 'सर्व पायऱ्या' असंच आहे. आपण वेगळं लिहिलं की प्रश्न येणार. तसंच राहू दे, पातळ मोजे मी मागवतो." मलाही मनात कुठेतरी वाटलं की छापील फॉर्ममध्ये आहे तेच बरोबर असणार. चाचांचा अनुभव बरोबर, पण फॉर्म जास्त बरोबर. वाक्य तसंच राहिलं. चाचा म्हणाले, "बरं, राहू दे. भिंतीला काय मोजे काढायचे न्हाईत."

मग खंडेनवमी आली.

कारखान्यांच्या या पट्ट्यात खंडेनवमीला मशिनी बंद असतात; पूजा झाली की त्या दिवशी त्यांना कुणी हात लावत नाही. लेथ, प्रेस, फोर्कलिफ्ट, सगळं धुऊनपुसून त्यांना हार घालतात, पूजा होते, पेढे वाटतात. आमच्या शेडमध्ये टेबलावर एक बॅटरी अर्धी उघडलेली होती. झाकण काढलेलं, सर्व्हिस प्लग काढलेला, बीएमएस अजून जोडलेला. चाचांनी तिच्यावर रबरी शीट टाकून ठेवली होती. सर सहकुटुंब यायचे होते, पण त्यांच्या घरी काहीतरी अडचण आली आणि ते एकटेच आले. हातात ताट, नारळ, फुलं. शेडमध्ये मुलगी मी एकटीच.

"तूच कर गं पूजा," ते म्हणाले. "लक्ष्मीच्या हातानं होऊ दे."

इथे मला सांगायला हवं की आमच्या घरी पूजा होत नाही. आम्ही बौद्ध. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, त्यांच्यापुढे मेणबत्ती लागते, आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आम्ही सगळे विहारात जाणार होतो. हळद आधी लावतात की कुंकू, हेही मला ठाऊक नव्हतं. मी "सर, मला..." एवढं म्हणाले. ते म्हणाले, "लाजतेस काय, कर." दहाबारा माणसं हात जोडून उभी होती. माझ्या इंटर्नशिपचे दोन महिने झाले होते, चार राहिले होते.

मी ताट घेतलं.

सर म्हणाले, "ते शीट काढा, फोटोत बॅटरी दिसू दे." भाऊंनी शीट काढली. मी बॅटरीच्या पत्र्याला ओलं हळदकुंकू लावलं. फूल तांब्यात बुडवून पाणी शिंपडलं, टीव्हीवर बघितलं होतं तसं. भाऊंनी नारळ फोडला आणि पाण्यानं भरलेलं भकल माझ्या हातात दिलं. मला वाटलं, हे पाणी सगळं संपवायचं असतं. अर्धवट ठेवलं तर चुकेल, आणि चुकलं की लोकांना कळेल की हिला येत नाही. मी ते भकल बॅटरीवर फिरवत फिरवत रिकामं केलं. टाळ्या वाजल्या. सरांनी फोटो काढला, भाऊंनी शीट परत टाकली.

दोन महिने मी लिहीत होते की उघड्या बॅटरीजवळ पाण्याचा ग्लासही नेऊ नये. ती वही माझ्या पिशवीत होती. तरीही त्या क्षणी मला समोर बॅटरी दिसतच नव्हती. मला फक्त बघणारी माणसं दिसत होती.

चाचा दाराशी उभे होते. त्यांनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

घरी पप्पांनी माझ्या बोटांवरचं कुंकू बघितलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "सांगायचं ना, आमच्यात करत नाहीत म्हणून." मी विचारलं, "तुम्ही सांगता?" पप्पा दरवर्षी प्रेसशॉपमधून खंडेनवमीचा पेढा घेऊन येतात. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दसरा आणि रविवार धरून तीन दिवस शेड बंद होती. चौथ्या दिवशी चाचांनी शीट उचलली आणि बराच वेळ टॉर्च लावून बघत राहिले. कोरड्या फडक्यानं पुसलं, स्पिरिटनं पुसलं, हवा मारली. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "काय न्हाई. धूळ." मग मीटर लावला, सगळं नेहमीसारखं. सहाव्या पायरीला त्यांनी उजवा मोजा काढला, खिट्टी दाबली आणि कनेक्टर ओढला.

चर्र असा आवाज आला आणि निळा उजेड. प्लास्टिक जळल्याचा वास. कनेक्टर निम्मा निघाला होता आणि निम्मा वितळून चिकटला होता. त्याच्या तारांवरचं आवरण वितळायला लागलं होतं आणि पांढरा धूर मॉड्यूलच्या बाजूला चालला होता.

"मागं व्हा!" चाचा ओरडले. "वाळू आणा. शटर उघडा समदं."

त्यांचा अंगठा आणि दोन बोटं भाजली होती. तरी ते बाजूला झाले नाहीत. डाव्या हातात टेप गुंडाळलेलं कटर घेतलं आणि एकेक तार कापायला लागले. एका वेळी एकच. दोन तारा एकत्र कापल्या तर कटरचं पातंच त्या दोघींना जोडतं आणि नवी ठिणगी होते, हे त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं. त्या वेळी ते नियमासारखं ऐकलं होतं, आता समोर बघत होते. घाई करण्यासारखंच सगळं होतं आणि त्यांनी घाई केली नाही. शेवटची तार कापल्यावर धूर थांबला. भाऊंनी आणि बाकीच्यांनी ट्रॉली ढकलत अंगणात नेली, भोवती वाळू ओतली. चाचा नळाखाली हात धरून बसले.

त्यांनी ती शेड वाचवली, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

जळलेला कनेक्टर मी बघितला. पिनांमध्ये हिरवट थर साठला होता, तांब्यावर खारं पाणी पडलं की साठतो तसा. त्या थरात कुंकवाचा लाल रंग होता. वरून कितीही पुसलं तरी आत शिरलेलं पाणी निघत नाही. तीन दिवस ते पिनांच्या मध्ये बसून होतं. सरांनी कनेक्टर पिशवीत घातला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. खंडेनवमीचा फोटो दुपारपर्यंत शेडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढून टाकलेला होता.

बॅटरी मोठ्या कंपनीची होती, त्यामुळे कळवणं भाग होतं. त्यासाठी या पट्ट्यात एक ठरलेला फॉर्म असतो. त्यात पाच वेळा 'का' विचारायचं. हे का झालं? त्याचं उत्तर लिहायचं. मग त्या उत्तराला पुन्हा का. असं पाच चौकटी खाली गेलं की मूळ कारण सापडतं, असं म्हणतात. पद्धत मी लिहिली होती म्हणून फॉर्मही मीच लिहायचा ठरला.

पहिल्या चौकटीत मी लिहिलं, 'कनेक्टर का जळला? पिनांमध्ये ओलावा.' दुसरीत लिहिणार होते, 'ओलावा का?'

सर शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. "थांब," ते म्हणाले. "कनेक्टरचं कोण विचारतंय? कनेक्टर बदलता येतो. माणूस जखमी झालाय. तिथून सुरू कर."

मग आम्ही नवा फॉर्म घेतला. हात का भाजला? हातमोजा काढला होता. का काढला? लेखी पद्धतीचं पालन केलं नाही. का केलं नाही? पद्धतीचं प्रशिक्षण झालेलं नाही. का नाही? कर्मचाऱ्याकडे प्रमाणपत्र नाही. का नाही? प्रमाणपत्राशिवाय काम देण्यात आलं. खाली उपाय: यापुढे प्रमाणित व्यक्तीच बॅटरी उघडेल.

एकेक उत्तर खरं होतं. सहावी पायरी भिंतीवर होती. माझ्या अक्षरात.

"सर, पण ते पाणी..." मी म्हणाले.

"हवेतला दमटपणा लिही शेरा म्हणून. पूजेचं लिहिलंस तर ते लोक हसतील आपल्याला. आणि बघ, पाणी कुणी ओतलं, हा प्रश्न येतोच मग." हे ते अगदी हळू, समजावल्यासारखं बोलले. "माझ्याकडे अकरा माणसं आहेत गं. मान्यता गेली तर सगळेच घरी. चाचांचं दवाखान्याचं सगळं मी बघतो."

सरांनी मला धमकी दिली नाही. दिली असती तर आज सांगायला बरं पडलं असतं. त्यांनी पेन पुढे केलं आणि मी सही केली. 'तयार करणार' या शब्दांपुढे.

मान्यता मिळाली. चाचांच्या हाताची पट्टी निघाली त्या आठवड्यात त्यांना सांगण्यात आलं की प्रमाणपत्राचा कोर्स केल्याशिवाय आता काम देता येणार नाही. कोर्सला किमान दहावी लागत होती. त्यांनी भांडण केलं नाही. आपला टेप गुंडाळलेला पान्हा तेवढा घेऊन गेले. भाऊ माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत, मग एकदा डबा खाताना म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या. तुमच्याकडून एक ओळ जास्त लिहिली गेली असती तर काय शाई संपली असती का?"

मी चाचांच्या घरी गेले ते महिन्याभरानं. चाकणला बाजारामागच्या गल्लीत. सुनेनं चहा आणला. चाचा पलंगावर बसले होते, उजवा हात मांडीवर पालथा.

"आली का इंजिनिअर. ये. काय, प्रसाद आणलास?"

"चाचा, ते नारळाचं पाणी माझ्या हातून..."

"मला दिसलं हुतं."

"तेव्हाच?"

"तवाच. फुलानं शिंपडलंस तवा म्हणलं, जाऊ दे, थेंब हायत, पुसून काढू. मग तू ते भकलच उपडं केलंस."

"मग ओरडला का नाहीत? एरवी ओढणी सरकली तरी ओरडता."

"पूजेत मी वरडू?" ते एकदम चिडले. "काय बोलतीस ते कळतंय का तुला? समदे हात जोडून उभे, शेठ फोटो काढतोय, आन मी मुसलमान मधीच वरडतोय, पाणी टाकू नगा म्हणून? अगं, त्याच दिवशी गेलं असतं काम. आन नुसतं काम न्हाई. इतकी वर्सं या पट्ट्यात काढली. पूजेला पेढा खायचा, मागं उभं राहायचं. एवढं कळतं मला."

मी खाली बघून सांगितलं की पूजा आमच्याही घरी करत नाहीत. मला ती येतच नव्हती. येत नव्हती म्हणूनच सगळं पाणी ओतलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

"म्हंजी तुला न्हाई म्हणता आलं न्हाई, मला नगं म्हणता आलं न्हाई. आन हात कुणाचा भाजला?"

सून आत निघून गेली.

"आता आलीसच तर लिवून दे," ते म्हणाले. "जसं झालं तसं. माझ्या चुकीनं झालं न्हाई, एवढं. मोशीला एक शेड हाय, ते घेणार हुते मला, पण त्यांनी शेठला फोन लावला तर त्यानं अपघाताचं सांगितलं."

मी तिथेच वहीतला कागद फाडून लिहिलं. पूजा, पाणी, बंद असलेले तीन दिवस, पिनांमधला हिरवा थर. चाचा म्हणाले, पातळ मोज्यांचंही लिही, तीनदा मागितले होते. तेही लिहिलं. त्यांनी एकेक तार कशी कापली, तेही लिहिलं. खाली माझं नाव, कॉलेज, सही. दोन पानं झाली. लिहिताना मला बरं वाटायला लागलं होतं, हे कबूल करते. त्यांनी कागद घेतला. थँक्यू वगैरे म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

भाऊंकडून कळलं की चाचांनी तो कागद लॅमिनेट करून घेतला. मोशीला दाखवला, मग भोसरीत एका ठिकाणी, मग म्हाळुंग्याला. सगळीकडे लोक तो उलटून पालटून बघायचे. लॅमिनेशन चांगलं आहे म्हणायचे. मग विचारायचे, यावर शिक्का कुठंय? पहिल्या रिपोर्टवर शेडचा शिक्का होता.

एक दिवस चाचांचाच फोन आला. मी कॉलेजात होते.

"शिक्का मिळंल का गं कुठला?"

चाचांकडून तो कागद घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की हा कंपनीचा अंतर्गत विषय आहे, कॉलेजचा शिक्का त्यावर येऊ शकत नाही. मग मी सरांकडे गेले. इंटर्नशिप तोवर संपली होती, सर्टिफिकेट माझ्या हातात होतं, आता मला घाबरायचं काही कारण नव्हतं. सरांनी चहा मागवला. कागद पूर्ण वाचला. म्हणाले, "तू लिहिलंयस ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण यावर शिक्का मारला की माझा आधीचा शिक्का खोटा ठरतो. आणि तुझी आधीची सहीसुद्धा." लॅमिनेट केलेला कागद त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

मी चाचांना फोन केला. ते आता पुतण्याच्या दुकानात स्कूटरच्या छोट्या बॅटऱ्या बघतात. अंगठ्याला संवेदना राहिलेली नाही, खिट्टी दाबली गेली का नाही ते डोळ्यानं बघावं लागतं, असं भाऊ सांगत होते. मी म्हणाले, "चाचा, दोन्हीकडे नाही मिळाला."

"कुठलाबी चालंल गं. गोल असला म्हंजी झालं. कोण वाचतंय."

"कुठला आणू?"

"तुझा कधी मिळणार? इंजिनिअर झालीस का?"

"इंजिनिअरला शिक्का नसतो चाचा. नोकरी लागली तर तो त्या कंपनीचा असतो."

मागे कुणीतरी पंक्चरसाठी हवा मारत होतं.

"मग तुला काय असतं?"

"सही," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. "ती बघितली." आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून त्यांनी फोन ठेवला.